तेंदोची सोंगटी

काळात मागे जायची सोय झाली तर कुणी रायगडावर राज्याभिषेकाला जाईल, कुणी बालगंधर्वांच्या नाटकाला पहिल्या रांगेत जाऊन बसेल. तुम्ही तिकीट काढलंत ते ऑगस्ट २०१४ चं, तेंदो नावाच्या गावाचं, आणि तेही जपानच्या दुसऱ्या श्रेणीतला फुटबॉल बघायला. आता तक्रार करायची नाही.

त्सुबासा शिन्कान्सेन तुम्हाला फलाटावर सोडून उत्तरेला शिंजोकडे निघून जाते आणि डब्यातल्या गारव्याला सोकावलेल्या अंगावर उकाडा येऊन आदळतो. उत्तर जपान म्हटल्यावर तुम्ही मनात बर्फ धरून आला होतात. बर्फ आहे, हातभर साचेल इतका आहे, पण त्याला अजून चार महिने अवकाश आहे. यामागाताचं हे खोरं चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं. उन्हाळ्यात हवा आत येते आणि झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखी तापत बसते. २५ जुलै १९३३ रोजी यामागाता शहरात ४०.८ अंश तापमान नोंदलं गेलं आणि देशातला तो उच्चांक ७४ वर्षं कुणाला मोडता आला नाही. मग २००७ च्या ऑगस्टमध्ये गिफु प्रांतातल्या ताजिमीने आणि सायतामा प्रांतातल्या कुमागायाने एकाच दिवशी ४०.९ गाठलं. सत्तावीस हजारांहून जास्त दिवस बाळगलेला मान गेला तो एका दशांशाने. इथल्या लोकांना या विक्रमाचा अभिमान होता की त्रास, हे विचारू नका. घामाने निथळणाऱ्या माणसाला निदान आपण देशात पहिले आहोत एवढं तरी समाधान हवं असतं.

स्टेशनच्या इमारतीतच शोगीचं संग्रहालय आहे. बस यायला वेळ आहे तोवर आत डोकावून घ्या, पुढे उपयोगी पडेल. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ, आणि जपानभर खेळल्या जाणाऱ्या शोगीच्या सोंगट्यांपैकी बहुतेक सगळ्या या एका गावात घडतात. सोंगट्यांना रंग नाही. दोन्ही बाजूंच्या एकाच लाकडाच्या, एकाच घाटाच्या, टोकदार पाचकोनी. टोक ज्याच्याकडे रोखलेलं तो शत्रू, एवढीच ओळख. आपल्या बुद्धिबळात मारलेलं प्यादं डब्यात जातं आणि डाव संपेपर्यंत तिथेच पडून राहतं. इथे मारलेली सोंगटी मारणाऱ्याच्या हाती लागते; पुढे मनाला येईल तेव्हा तो तीच सोंगटी टोक फिरवून आपल्या बाजूने पटावर उतरवतो. आणखी एक नियम: शत्रूच्या शेवटच्या तीन ओळींत शिरलेली सोंगटी बहुधा उलटवता येते. पाठीवर तिचं दुसरं, वरच्या दर्जाचं नाव आधीच कोरलेलं असतं.

बसमध्ये शेजारी निळा सदरा घातलेले एक आजोबा बसलेत. मैदानाजवळ रेल्वेचं स्टेशन आहे का, असं तुम्ही विचारता. (भाषेची अडचण येत नाही, काळात मागे जाणाऱ्याला एवढी सवलत असतेच.) होणार आहे म्हणतात, ते सांगतात. तुम्हाला माहीत आहे की ते पुढच्या मार्चमध्ये खरंच सुरू होणार आहे, पण तुम्ही गप्प बसता. “आज जिंकतील का?” यावर ते “न्दा” म्हणतात. प्रमाण जपानीत याला ‘सोओ दा’ म्हणतील; यामागाताच्या तोंडी त्याचं न्दा होतं. होकार, उसासा आणि ‘बघू या’ हे तिन्ही त्यात मावतं.

भाताच्या खाचरांमधून बस प्रांताच्या क्रीडासंकुलात शिरते. एनडी सॉफ्ट स्टेडियम. वीस हजारांच्या आसपास माणसं मावतील, पण आज तेवढी आलेली नाहीत. मैदानाभोवती धावण्याचा मार्ग आहे, त्यामुळे खेळाडू जरा लांबच दिसतात. पश्चिमेला गास्सान डोंगर. तिथे जुलैपर्यंत लोक बर्फावर स्की करत होते, हे या उकाड्यात खरं वाटत नाही. हागुरो, गास्सान आणि युदोनो हे देवाचे तीन डोंगर. १६८९ मध्ये बाशो हा कवी पायी हिंडत आला होता तेव्हा तोही हे चढून गेला होता. क्लबचं नाव त्यावरूनच आलंय: इटालियन भाषेतला डोंगर आणि देव जोडून केलेलं मोंतेदिओ. जपानी क्लबांना परदेशी शब्दांची मोडतोड करून नावं ठेवायची हौस फार, आणि त्यातली काही ऐकून हसू येतं. पण हे नाव मात्र जमलंय.

खाण्याच्या टपऱ्यांपाशी थांबा. काडीला टोचलेले तपकिरी गोळे म्हणजे तामा-कोन्न्याकु. सोयासॉसमध्ये उकडलेला कंद, आपल्या सुरणाच्याच कुळातला. दाताखाली रबरासारखा वाटतो, पण पहिल्या दोन घासांनंतर आवडायला लागतो. आणि मोठ्या पातेल्यात इमोनी. अळकुड्या, गोमांस, कोन्न्याकु आणि कांद्याची पात घातलेला सोयासॉसचा रस्सा. खरा ऋतू शरदाचा, नदीकाठी चुली मांडून करायचा. समुद्राकडच्या शोनाई भागात मात्र हाच रस्सा डुकराचं मांस आणि मिसो घालून करतात, आणि कुठला अस्सल यावरून प्रांतात वाद आहे. हा क्लब १९८४ मध्ये सुरू झाला तो नेमका त्या दुसऱ्या बाजूला, त्सुरुओकात, एनईसी कंपनीच्या कारखान्याचा संघ म्हणून. म्हणजे जन्म मिसोवाल्यांत आणि संसार सोयासॉसवाल्यांत. आजोबांना हे विचारलंत तर ते ऐकू न आल्यासारखं करतात.

सामना सुरू व्हायच्या आधी निळे प्रेक्षक उभे राहून प्रांताचं क्रीडागीत म्हणतात. तरुण, म्हाताऱ्या, शाळकरी पोरं, सगळे. एखाद्या गावच्या गणपतीत आरतीला जसा सूर लागतो, थोडा बेसूर पण एका दमात, तसा.

आता थोडा हिशेब. दुसरी श्रेणी म्हणजे जे-टू. संघ २२, प्रत्येकाचे सामने ४२, मार्चच्या थंडीपासून नोव्हेंबरच्या थंडीपर्यंत. उत्तरेला साप्पोरो, दक्षिणेला कुमामोतो. एवढा लांबचा प्रवास बस, रेल्वे आणि विमानाने करून नव्वद मिनिटं खेळायचं आणि परतायचं. पहिले दोन थेट वर जातात. तिसरा ते सहावा असे चौघं उरलेल्या एका जागेसाठी भांडतात. मोंतेदिओ २००९ ते २०११ अशी तीन वर्षं वरच्या श्रेणीत राहून आला, मग घसरला आणि गेली दोन वर्षं मधल्या गर्दीत हरवला. पैसा बेताचा. कित्येक वर्षं हा क्लब कंपनीही नव्हता. प्रांताच्या क्रीडाप्रसारासाठीची एक सार्वजनिक संस्था तो चालवत होती. आत्ता कुठे त्याची रीतसर कंपनी झालीय.

या ऑगस्टमध्येही तो मधल्या गर्दीतच आहे. पण दोन माणसं नीट बघून ठेवा.

पहिला गोलरक्षक, ३१ नंबरचा. नोरिहिरो यामागिशी, वय ३६. उरावा रेड्स या बड्या क्लबात तो २००१ पासून होता. या वर्षी उरावाने हिरोशिमाहून शुसाकु निशिकावा हा राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक आणला आणि यामागिशीला बाकावर बसायची वेळ आली. जूनमध्ये त्याला यामागाताने उसना घेतला. उरावा म्हणजे सायतामा प्रांत. उष्णतेचा विक्रम पळवणाऱ्या प्रांताने भरपाईदाखल एक गोलरक्षक पाठवला, असं तुम्ही मनाशी म्हणता आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होता. त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर ‘यामा’, डोंगर, यामागाताचंही तेच.

दुसरा माणूस बाकासमोर उभा आहे. नोबुहिरो इशिझाकी, वय ५६, या वर्षी आलेला प्रशिक्षक. आलेला म्हणण्यापेक्षा परतलेला म्हणा: १९९५ ते १९९८ या काळात हाच संघ त्याच्या हाताखाली होता. त्याची एक जुनी गोष्ट आहे. ती आत्ता नको.

सप्टेंबर उजाडतो, खाचरांतला भात पिवळा पडतो, नदीकाठी इमोनीची पातेली चढतात. इशिझाकीने मागे तीनच बचावपटू ठेवून बाकीच्यांना प्रतिस्पर्ध्यांच्या अंगावर सोडलंय. चेंडू गेला की आपल्या गोलकडे पळत सुटायचं नाही, तिथेच, वरच, हिसकावून घ्यायचा. हे बघायला छान आणि खेळायला भयंकर. शेवटच्या वीस मिनिटांत खेळाडूंचे गुडघे बोलायला लागतात. पण गुण पडत जातात. आजोबा दर सामन्याला त्याच जागी बसलेले असतात आणि ‘न्दा’चा सूर हळूहळू बदलतोय, हे तुमच्या लक्षात येतं.

(त्याच शरदात इकडे आपल्याकडे काय चाललंय? १२ ऑक्टोबरला कोलकात्यात इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, पहिलावहिला सामना होतो आणि मुंबई सिटी तीन गोल खाऊन हरते. एफसी गोवाचा प्रशिक्षक आहे झिको. हा झिको १९९१ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, जपानात सुमितोमो मेटल्सकडून खेळायला गेला होता, आणि कारखान्याचा तो संघ तेव्हा दुसऱ्याच श्रेणीत होता; पुढे त्याचाच काशिमा अँटलर्स झाला. मडगावच्या फातोर्ड्याला बसलेल्या त्या माणसाला दुसऱ्या श्रेणीची धूळ ठाऊक होती. आयएसएलला मात्र दुसरी श्रेणीच नव्हती. तळाला राहिलात तरी पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. सोय चांगली, पण नोव्हेंबरमध्ये पोटात जो गोळा येतो तो तिथे यायचं कारण नाही.)

२३ नोव्हेंबर. शेवटचा दिवस संपतो आणि गुणतक्ता असा दिसतो: शोनान बेलमारे १०१ गुण घेऊन केव्हाच वर गेलेला, मात्सुमोतो यामागा ८३ वर दुसरा. मग मोठी दरी. जेफ युनायटेड चिबा ६८, जुबिलो इवाता ६७, गिरावांझ कितक्यूशू ६५, मोंतेदिओ यामागाता ६४, ओइता त्रिनिता ६३.

यामागाता सहावा, शेवटच्या पात्र जागेवर. ओइता सातवा, बाहेर. ४२ सामने, नऊ महिने आणि फरक एका गुणाचा. हे ओइता नाव विसरू नका.

कितक्यूशूची गोष्ट आणखी वेगळी. पाचवा आलेला हा संघ वर जाऊच शकत नव्हता, कारण त्याचं मैदान पहिल्या श्रेणीच्या निकषांत बसत नव्हतं. मैदानावर कमावलेलं मैदानापायीच गेलं. त्यामुळे चौघांच्या जागी तिघंच उरले. चिबा थेट अंतिम सामन्यात, आणि उपांत्य सामना एकच: इवाता विरुद्ध यामागाता, इवाताच्या घरी.

पण त्याआधी, २६ नोव्हेंबरला, एम्परर्स कप या वेगळ्या चषक स्पर्धेचा उपांत्य सामना ओसाकात. दमलेल्या पायांनी यामागाता चिबाला ३-२ असं हरवतो आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत जातो. आजोबा ओसाकाला आलेले नाहीत. भाडं फार, आणि इवातासाठी पैसे राखून ठेवायचे होते.

३० नोव्हेंबर. इवाता. स्टेडियमचं नाव यामाहा, शेजारी यामाहा मोटर कंपनीचा कारखाना आणि मुख्यालय. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्या आरएक्स-१०० च्या आवाजाने गल्लीतली पोरं घराबाहेर यायची, तिच्या टाकीवरचं नाव या गावचं. हा संघही एके काळी कारखान्याचाच. पण तो मोंतेदिओसारखा गरीब नव्हता: १९९७, १९९९, २००२ अशी तीन विजेतेपदं, १९९९ मध्ये आशियातलं क्लब अजिंक्यपद. बाकावर प्रशिक्षक हिरोशी नानामी, १९९८ च्या विश्वचषकात जपानची दहा नंबरची जर्सी घातलेला. हा संघ दुसऱ्या श्रेणीत चुकून आलाय, वर्षभराने परत जाईल, असं सगळे धरून चाललेत. सगळे म्हणजे इवातातले सगळे.

हे मैदान फुटबॉलचंच आहे, मध्ये धावण्याचा मार्ग नाही. पाहुण्यांच्या कोपऱ्यात तुम्ही इतके जवळ बसलाय की खेळाडूच्या बुटाचा चेंडूवर पडलेला आवाज ऐकू येतो. आजोबा आलेत. पिशवीत विकतचे ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे आहेत, एक तुमच्या हातावर ठेवतात.

नियम पुन्हा समजून घ्या, कारण आजचं सगळं नाट्य त्यात आहे. बरोबरी झाली तर जादा वेळ नाही, पेनल्टी नाहीत. गुणतक्त्यात वर असलेला पुढे जाईल. इवाता चौथा, यामागाता सहावा. म्हणजे इवाताला नुसतं हरायचं नाहीये, आणि यामागाताला जिंकायलाच हवं. एका संघाला दोन दारं, दुसऱ्याला एकच.

पहिल्या अर्ध्या तासातच ब्राझीलचा दिएगो गोल करतो. तुमच्या कोपऱ्यात आरडाओरडा, आजोबांच्या ओनिगिरीचा भात उडतो. मग मध्यंतराच्या तोंडावर इवाता बरोबरी साधतो आणि अख्खं मैदान निळं होऊन उसळतं (इवाताचाही रंग निळाच, फिकट). आता घड्याळ त्यांच्या बाजूने चालतंय. साठावं मिनिट. सत्तरावं. इवाताला गोल करायची घाई नाही आणि घाई दाखवायचंही कारण नाही. चेंडू हळूहळू खेळवत ते वेळ खातात, जसं ताटातलं शेवटचं गोड माणूस पुरवून पुरवून खातं. ऐंशी. पंच्याऐंशी. यामागाताचे खेळाडू धावतायत, पण आता त्या धावण्यात पळणं कमी आणि हट्ट जास्त आहे.

नव्वद मिनिटं संपतात. भरपाईच्या वेळेत यामागाताला कॉर्नर मिळतो.

इशिकावा, डाव्या पायाचा जुना बचावपटू, चेंडू कोपऱ्यातल्या कमानीत ठेवतो. आणि तेवढ्यात तुमच्या कोपऱ्यात एक विचित्र आवाज उठतो. ओरडणं नाही, श्वास आत ओढल्याचा. दुसऱ्या टोकाकडून एक माणूस पळत येतोय, आणि त्याचा पोशाख इतरांसारखा नाही. ३१ नंबर. यामागिशी.

यात वेडेपणा काही नाही. हिशेब सरळ आहे. गोल खाल्ला तरी बाद, बरोबरी राहिली तरी बाद. रिकाम्या गोलची राखण करून काय मिळणार? तरीही मैदान ओलांडून पळणाऱ्या गोलरक्षकात बघणाऱ्याला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. देवळातला पुजारी भर दुपारी रस्त्याने धावत सुटल्यासारखं. आजोबा उभे राहतात. तुम्हीही.

इशिकावाचा चेंडू जवळच्या खांबाच्या दिशेने येतो. यामागिशी बचावपटूंच्या पुढे घुसतो, गोलकडे जवळजवळ पाठ करून उडी मारतो आणि चेंडूला डोक्याचा नुसता स्पर्श करतो. धडक नव्हे, स्पर्श. चेंडूची दिशा बदलते. तो इवाताच्या गोलरक्षकाच्या पलीकडून, दूरच्या कोपऱ्याकडे, इतक्या सावकाश जातो की तुम्हाला वाटतं कुणीतरी अडवेल. कुणी अडवत नाही.

क्षणभर काहीच आवाज नाही. मग सगळा एकदम.

पुढचं तुम्हाला तुकड्यातुकड्यांत आठवेल. ३६ वर्षांचा गोलरक्षक हात पसरून पळतोय आणि त्याच्या अंगावर माणसांचा ढीग पडतोय. इवाताचा एक बचावपटू गुडघ्यांवर. आजोबा तुमची बाही धरून काहीतरी म्हणतायत, न्दा नाही, दुसरंच काहीतरी, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतंय. तुम्हाला तेंदोच्या संग्रहालयातली ती सोंगटी आठवते. उरावाच्या हातून सुटलेली, टोक फिरवून पटावर उतरवलेली, शत्रूच्या शेवटच्या ओळीत जाऊन उलटलेली.

पण मजा त्याच्या पुढची आहे. ढिगातून बाहेर पडल्यावर यामागिशीच्या लक्षात येतं की सामना संपलेला नाही. आणि त्याचं खरं काम मैदानाच्या दुसऱ्या टोकाला वाट बघतंय. तो वळतो आणि पळत सुटतो, जसा आला तसाच, आपल्या गोलकडे. टोप्या, टॉवेल, निशाणं हवेत उडतायत आणि हा माणूस कामावर चाललाय.

२-१. शिट्टी.

पुढचा आठवडा पटकन ओलांडू या. ७ डिसेंबर, तोक्योच्या चोफुमधलं आजिनोमोतो स्टेडियम, समोर पुन्हा चिबा. २००९ मध्ये घसरलेला हा जुना, श्रीमंत क्लब पाच वर्षं वर जायला धडपडतोय. दोन वर्षांपूर्वीही तो याच अंतिम सामन्यात सहाव्या आलेल्या संघाकडून ०-१ असा हरला होता. तो सहावा संघ होता ओइता. चिबाच्या लोकांनी सहाव्या क्रमांकाची धास्ती घेतली असल्यास नवल नाही. पहिल्या सत्रात मासातो यामाझाकी हेडरने गोल करतो (‘यामा’, पुन्हा डोंगर) आणि उरलेला वेळ यामागाता दात-ओठ खाऊन काढतो. ०-१. अकरा दिवसांत चिबा दुसऱ्यांदा त्यांच्याकडून हरलाय. यामागाता पहिल्या श्रेणीत.

आणि १३ डिसेंबर, योकोहामा, एम्परर्स कपचा अंतिम सामना. तेव्हा एरवी हा सामना नववर्षाच्या दिवशी व्हायचा. जानेवारीत ऑस्ट्रेलियात आशिया चषक असल्याने या वर्षी अलीकडे ओढलाय. समोर गांबा ओसाका. गेल्या वर्षी हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. यंदा वर येऊन लीग जिंकला, लीग कप जिंकला, आणि आज तिसराही चषक उचलणार आहे. ताकाशी उसामीचे दोन गोल, पात्रिकचा एक. यामागाताकडून पेरूत जन्मलेल्या रोमेरो फ्रँकचा एक. ३-१. हरल्याचं दुःख फारसं कुणाला नाही. तुम्हाला आहे थोडं, कारण तुम्हाला पुढचं वर्ष माहीत आहे: पहिल्या श्रेणीत १८ संघांत अठरावा क्रमांक, आणि परत खाली. आजोबांना हे सांगायची हिंमत तुमच्यात नाही. ते गांबाकडे बोट दाखवून म्हणतात, “तो बघा, एक वर्षात.” तुम्ही म्हणता, “न्दा.”

परतीच्या त्सुबासात बाहेर अंधार. फुकुशिमा सोडल्यावर गाडी इतायाच्या घाटात चढते आणि खिडकीच्या काचेवर बर्फ आपटू लागतो. तुम्ही डोळे मिटता. उतरायचं असतं तेंदोला. पण काळाच्या गाड्यांचं वेळापत्रक जपानी रेल्वेसारखं नसतं.

मध्ये एक स्टेशन लागतं: २००३. इशिझाकी कावासाकी फ्रोंतालेचा प्रशिक्षक. ४४ सामन्यांनंतर त्याचे गुण ८५, दुसऱ्या आलेल्या हिरोशिमाचे ८६. वर जाणार फक्त दोघं. गाडी थांबत नाही.

आणखी मागे, १९ नोव्हेंबर २०००. तेव्हा दुसऱ्या श्रेणीत बरोबरी झाली तर जादा वेळ खेळत आणि पहिला गोल झाला की तिथेच सामना संपे. नव्वद मिनिटांत जिंकल्यास तीन गुण, असं जिंकल्यास दोन. उरावाच्या कोमाबा मैदानावर जादा वेळेच्या पाचव्या मिनिटाला मासाकी त्सुचिहाशी लांबून चेंडू मारतो आणि उरावा ८२ गुणांवर वर जातो. तिसरा राहिलेल्या संघाचे ८१. तो संघ ओइता, प्रशिक्षक इशिझाकी. पुढच्याच वर्षी त्या उरावात यामागिशी नावाचा एक तरुण गोलरक्षक येईल.

(अगदीच अभागी म्हणू नका इशिझाकीला. २००६ मध्ये काशिवाला आणि २०११ मध्ये साप्पोरोला तो वर घेऊन गेला. पण लोकांच्या लक्षात राहतं ते हुकलेलं.)

गाडी थांबते तेव्हा बाहेर दक्षिणेतलं कोवळं ऊन आहे. ओइता, २१ नोव्हेंबर १९९९. दुसरी श्रेणी याच वर्षी सुरू झालीय, संघ दहाच, आणि आज शेवटचा दिवस. शहराच्या मैदानावर माणसं दाटीवाटीने उभी आहेत. ओइता १-० ने पुढे. एवढं टिकलं की वर. इशिझाकी बाकासमोर, ४१ वर्षांचा, केस काळे. समोरच्या संघाला आज जिंकून वा हरून काहीच मिळायचं नाही. तो गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यात आहे. पांढऱ्या-निळ्या गर्दीतून तुम्ही मान उंच करून बघता. मोंतेदिओ यामागाता. गेल्या वर्षीपर्यंत इशिझाकीचाच संघ. त्यातल्या काहींना त्यानेच शिकवलेलं.

८९ वं मिनिट. यामागाताला फ्री किक. चेंडूपाशी तात्सुमा योशिदा. पुढे हा सिंगापूरच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होईल, पण आज तो चेंडू नीट बसवतोय, दोन पावलं मागे जातोय. शेजारच्या बाईने दोन्ही हात तोंडावर धरलेत. गळ्यातला तेंदोहून घेतलेला निळा टॉवेल तुम्ही हळूच काढून घडी करता आणि पिशवीत ठेवता. ओइताचा रंगही निळाच, त्यामुळे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

चेंडू भिंतीला चुकवून जाळ्यात.

१-१. तिकडे नीगातात एफसी तोक्यो जिंकलाय. इथे जादा वेळ सुरू होते: तीस मिनिटं, गोल झाला की तिथेच संपणार. होणार नाही, हे या मैदानावर फक्त तुम्हाला माहीत आहे. तोक्यो ६४, ओइता ६३. शिट्टी वाजते, चेंडू मधून सुटतो, शेजारची बाई तोंडावरचे हात काढून टाळ्या वाजवू लागते आणि सगळी ओळ उठते. तिच्याबरोबर तुम्हीही उठून उभे राहता.